आगरातलं पाणी

१

गोठ्याचा गलका हाच आमच्या कॉलेजचा भोंगा. उजाडलं की गाई हंबरायला लागतात आणि वसतिगृहातली पोरं कुरकुरत उठतात. त्या दिवशी गाई हंबरल्याच नाहीत. मी दात घासता घासता थांबलो आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून उताराकडे धावलो.

गोठ्यात गाई आडव्या पडल्या होत्या. पाय ताठ, तोंडाशी फेस वाळलेला. पायांखालची माती अशी उकरली होती, जणू पडल्या जागी त्या कितीतरी वेळ पळत होत्या. एकच उभी होती. भिंतीला कपाळ टेकवून ती भिंत ढकलत होती. मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला, तिला तो दिसला नाही. पलीकडच्या आडोशाला वासरं मात्र धडधाकट होती आणि आयांकडे जायला धडपडत होती.

मी विवेक भगत. आगरदांड्याच्या वरच्या टेकाडावर नव्यानं उघडलेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा कार्यालय अधीक्षक. पदनाम भारदस्त आहे, काम मात्र पंखा फिरत नाही, वसतिगृहात माकडं शिरली, असल्या तक्रारी ऐकण्याचं. पण हे कॉलेज कसं उभं राहिलं ते मी पाहिलंय. आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांना गुरांचं डॉक्टर व्हायचं तर आजवर राज्यातल्या मोजक्या जागांसाठी जिवाचं रान करायचं, नाहीतर परराज्यातलं खासगी कॉलेज गाठायचं. शेवटी निम्मा खर्च राज्यानं आणि निम्मा जिल्ह्यानं उचलायचा असं ठरलं. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांनी शिकवण्यासाठी आपल्या गाई दिल्या. जागा इथल्याच मुलांना, आणि शिकून त्यांनी इथंच काम करायचं.

करारात एक मेख होती. विद्यार्थ्याच्या हातून जनावरं दगावली तर जिल्ह्याला आपला वाटा काढून घेता येणार होता. एक वाटा गेला की दुसराही जाणार, आणि मुलं घरी. राज्य आणि जिल्हा यांची समिती दुसऱ्याच दिवशी पाहणीला येणार होती.

मेलेल्या गाईंच्या मधोमध राही बसली होती. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, मुरुडजवळच्या एका गावातल्या शाळामास्तरांची मुलगी. आदल्या संध्याकाळी गोठ्याची पाळी तिचीच होती.

"सर, मी काहीच केलं नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी फक्त पाणी पाजलं."

२

दुपारी जयमाला ओव्हाळ आल्या. पशुसंवर्धन खात्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली होती. मेलेली जनावरं खोटं बोलत नाहीत, जिवंत माणसांचं बघावं लागतं, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे कुणाचं ऐकताना त्या त्याच्या चेहऱ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत. समोरच्याला वाटायचं, बाईंचं लक्ष नाही. चांगलंच असायचं.

दोन गाईंची त्यांनी स्वतः चिरफाड केली. बाहेर आल्या तेव्हा चेहरा कोरा होता.

"मेंदू सुजलेत," त्या मला म्हणाल्या. "पोटात विषारी पाला नाही, औषधाचा वास नाही. साथ तर मुळीच नाही. हौदावर हा चुना कुणी मारला?"

"डॉक्टर पालशेतकरांनी. गोठा त्यांच्याकडे असतो. सकाळी आल्या आल्या. साथ असेल तर पसरू नये म्हणून."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि पांढऱ्याफटक हौदाकडे बघत राहिल्या.

राहीला त्यांनी ऑफिसात बोलावलं. दारातच ती पुटपुटली, "जयभीम, मॅडम." जयमालाबाईंनीही स्वच्छ आवाजात जयभीम म्हटलं. शेजारी बसलेले आमचे अधिष्ठाता उगाचच खोकले. तो खोकला मला कळला आणि बाईंनाही कळला.

"सांग," बाई खिडकीकडे वळून म्हणाल्या.

"काल दिवसभर गोठ्याची टाकी कोरडी होती. आमचं पाणी विनेशदादा आणतो, त्याचा स्वतःचा टँकर आहे. तो जत्रेसाठी गावाला गेला होता, उरणला. वासरांना आम्ही वसतिगृहातून बादल्या नेल्या. गाईंना पुरेल एवढं पाणी नव्हतं. संध्याकाळी टँकर आला. टाकी भरली, मी हौदाचा नळ सोडला. पण गाईंनी नुसतं हुंगलं आणि माना फिरवल्या. मग गूळ कालवला, तेव्हा प्यायल्या. गटागटा प्यायल्या, मॅडम."

"गुळाचं कसं सुचलं?"

"सरांनी दुपारीच फोन करून सांगितलं होतं, पाण्याला तोंड लावलं नाही तर गूळ घाल. पालशेतकर सर. ते खाडीपलीकडे दिघीला होते, कुणाची म्हैस अडली होती. तिथूनही त्यांना इथली काळजी." एवढं बोलून तिला रडू फुटलं.

"तू पाणी चाखलंस का?"

"नाही. रोजचंच पाणी कोण चाखतं?"

ती गेल्यावर मी हळूच म्हणालो, "मॅडम, ती सुटली तर लोक म्हणतील, बाईंनी आपल्या माणसाला वाचवलं."

"म्हणतीलच. म्हणून तर पक्कं काहीतरी हवं, विवेकराव. माझ्या नुसत्या शब्दावर या पोरीला कुणी सोडणार नाही." त्या उठल्या. "चारा वासरांनीही खाल्ला, गाईंनीही. वासरं बादलीचं पाणी प्याली, ती जिवंत आहेत. घोळ पाण्यात आहे. तुमच्या विनेशला बोलवा."

मी फोन लावला. बंद. त्याच्या खोलीवर माणूस पाठवला. खोलीला कुलूप होतं, आणि टँकरही जागेवर नव्हता.

३

डॉक्टर दिपेश पालशेतकर म्हणजे कॉलेजचा देवमाणूस. मूळ गुहागरकडचे, नोकरी सगळी रायगडात. हळू बोलणार, शिपायालाही 'अहो' म्हणणार. गोठ्याचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांचे डोळे सुजले होते.

"विनेशला मीच फोन केला," ते म्हणाले. "म्हटलं, गाई तहानल्यात, येताना पाणी भरून आण. धर्माजींच्या वाडीतल्या विहिरीवरून तो रोज भरतो. गोड पाणी आहे, मी स्वतः पितो." थोडं थांबून ते म्हणाले, "राही हुशार आहे हो. पण शेवटी पोरच. औषधाच्या कपाटाची चावी काल तिच्याकडे होती, हे मला सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं."

बाईंनी मान डोलावली. मला मात्र त्या पोरीची काळजी वाटू लागली. चांगल्या माणसानं हळहळत दोष दिला की तो चिकटतो.

आदल्या दिवशी फाटकाशी आणखी एक माणूस घुटमळताना दिसला होता. पियूष नाईक. मुरुडच्या बाजारात त्याचं दुकानाएवढं ऑफिस आहे, आणि परराज्यातल्या खासगी कॉलेजांत मुलं पाठवण्याचा त्याचा धंदा. आमचं कॉलेज उघडल्यापासून त्याच्याकडे फिरकतंय कोण?

"मॅडम, मी पोरं बाहेर पाठवतो, गाई वर पाठवत नाही," आम्ही त्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा तो दात काढत म्हणाला. बाई हसल्या नाहीत, तेव्हा दात मिटले. "एका पालकाला भेटायला आलो होतो. गोठा कुठल्या अंगाला आहे तेही मला ठाऊक नाही. धंदा बसला हे खरं. पण एक सांगू? लोकांच्या शिव्या खाऊन माझंही मन विटलंय. तुमच्या पालशेतकरांचा ऋत्विक मीच पाठवला होता. लांब, पार दुसऱ्या टोकाला. पोराला तिथली भाषा येईना, ओळखीचं कुणी नाही. अर्ध्यात सोडून आला. आता उरणला कंटेनर यार्डात आहे. बापाशी बोलत नाही म्हणतात."

"कधीची गोष्ट?"

"तो परत आला आणि पुढच्याच वर्षी हे कॉलेज मंजूर झालं. नशीब बघा."

आम्ही परत निघालो. आगरदांड्याच्या वळणावर बाईंनी एकदम माझा हात दाबला. धक्क्यावर दिघीच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागली होती. रांगेच्या शेवटी विनेशचा टँकर उभा होता, आणि आत स्टिअरिंगखाली कुणीतरी अंग चोरून बसलं होतं.

बाई आधी टँकरच्या मागे गेल्या. पाणी सोडायच्या नळीच्या तोंडाशी पांढरा थर साचला होता. त्यांनी बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

"मीठ," त्या म्हणाल्या. "दिवसभर तहानलेल्या गुराला हे पाजलं की मेंदू सुजतो."

४

विनेश म्हात्रे ताडमाड गडी, पण खाली उतरला तो हात जोडूनच.

"मी काय केला न्हाय, मॅडम. सायबांनी सांगला, येताना आगरातला पानी भरून आन. मी घरी उरनला. घराच्या मागंच आगर हाय. भरला नि आनला."

"खारं पाणी? गाईंना?"

"प्यायला कोन देल? मना वाटला खुरांना. आमच्याकडं गुरांचं पाय सुजलं का आगराच्या पान्यात उभी करतान. मी आल्यावर फोन करून इचारला, कुठं वतू? सायेब बोललं, गोठ्याच्या टाकीत वत. वतला नि गेलो. सकाली आयकला गाई मेल्या, तवा पलालो. मना कोन सोडल?"

मी कपाळावर हात मारला. उरण-पेणच्या माणसाला आगर म्हणजे मिठागर. गुहागर-दापोलीकडच्या माणसाला आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. मधले आम्ही मुरुडकर बागेला वाडी म्हणतो आणि दोघांनाही हसतो. गुहागरचे डॉक्टर बोलले, उरणच्या ड्रायव्हरनं ऐकलं. एका शब्दात सगळा गोठा आडवा झाला होता.

कॉलेजात ही हकिगत सांगितली तेव्हा पालशेतकर मटकन खुर्चीत बसले. "अरे देवा! मी आमच्या घरच्या बोलीत बोलून गेलो. आगर म्हणजे धर्माजींची बाग हो! हा उरणचा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." ते ओक्साबोक्शी रडले. अधिष्ठात्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गुन्हा नाही, नुसता बोलीचा घोळ, म्हणून सगळ्यांच्या जिवात जीव आला.

तो दिलासा फार वेळ टिकला नाही. समितीतले जिल्ह्याचे सदस्य त्या संध्याकाळीच मुक्कामाला आले होते. आधीपासूनच त्यांना हा निम्मा वाटा नकोसा होता.

"घोळ झाला, मान्य," ते म्हणाले. "पण गाई ते पाणी पीत नव्हत्या ना? मग न चाखता, गूळ घालून पाजलं कुणी? विद्यार्थिनीनं. करारात हेच लिहिलंय. उद्या समितीपुढे तिचं नाव जाईल. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

दाराबाहेर राही उभी होती. तिनं सगळं ऐकलं. "माझ्यामुळे सगळे घरी जाणार?" तिनं मला विचारलं. मी तिला खोलीवर जायला सांगितलं, आणि त्याची मला आजही चीड येते.

जयमालाबाई मात्र विनेशला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होत्या. एकच प्रश्न असावा. विनेशनं उत्तर दिलं आणि बाईंचा चेहरा काळवंडला. कोडं सुटल्यावर माणूस खूश होतो असं मी समजत होतो.

५

सकाळी सभागृहात समिती बसली. खिडक्या लावूनही गोठ्याकडचा वास आत येत होता. पहिल्या रांगेत पालशेतकर, मागे मुलं, आणि भिंतीला टेकून राही.

बाई उभ्या राहिल्या. आज त्या खिडकीकडे बघत नव्हत्या.

"डॉक्टर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही विनेशकडून धर्माजींच्या विहिरीचं पाणी मागवलं होतं. गाई रोज पितात तेच."

"हो. दुर्दैवानं..."

"दिवसभर तहानलेल्या गाई. रोजचं गोड पाणी. मग त्या पाण्याला तोंड लावणार नाहीत, अशी शंका तुम्हाला दुपारीच कशी आली?"

पालशेतकरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मी सहज..."

"गूळ घाल, असं तुम्ही राहीला सांगितलंत तेव्हा टँकर उरणहून निघालाही नव्हता. गाई माना फिरवतील हे फक्त एकाच माणसाला ठाऊक असू शकतं. टँकरमध्ये काय येणार आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला."

सभागृहात कुजबुज झाली. जिल्ह्याचे सदस्य पुढे सरकून बसले.

"आता शब्दाचं बघू. विनेश, पाणी मागवताना साहेब रोज काय म्हणतात?"

विनेश कोपऱ्यातून बोलला. "वाडीतला पानी आन, विनेश. रोज त्याच. आगर पयल्यांदा बोललं. तवाच, मी उरनला व्हतो तवा."

"माझ्यापुढेही तुम्ही धर्माजींची वाडी म्हणालात, डॉक्टर. मिठाचा उलगडा व्हायच्या आधी. इतकी वर्षं रायगडात राहून तुमच्या तोंडी वाडीच बसलीय. घरची बोली तुम्हाला नेमकी त्याच फोनवर आठवली. विनेश काय समजेल हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. उद्या पकडलं गेलं तर बोलीचा घोळ म्हणून सुटायची सोयही होती. आणि हौदाच्या कडेला वाळलेलं मीठ पांढरं दिसतं. चुनाही पांढराच असतो."

पालशेतकर नाकबूल करतील असं मला वाटलं. खरं तर मला तसं व्हायला हवं होतं. या माणसानं माझ्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या होत्या. पण ते उठून उभे राहिले आणि हळू आवाजात, अगदी वर्गात शिकवतात तसे, बोलू लागले.

"माझा ऋत्विक बारावीला असल्यापासून मी या कॉलेजसाठी उंबरे झिजवत होतो. राज्य म्हणायचं, जिल्ह्यानं आधी वाटा द्यावा. जिल्हा म्हणायचा, राज्यानं आधी द्यावा. त्या ढकलाढकलीत माझ्या पोराला लांब जावं लागलं. तो मोडून परत आला. आणि मग दोघांनी हातात हात घातला! रोज सकाळी दुसऱ्यांच्या पोरांना मी शिकवायचं. गाईचा श्वास कसा ऐकायचा, अडलेलं वासरू पोटात कसं फिरवायचं. हे सगळं मी ज्याच्यासाठी मागितलं तो तिकडे यार्डात कंटेनरवर नंबर टाकतोय." त्यांचा आवाज चिरकला. "गाई गेल्या की गावं पुन्हा देणार नाहीत, कॉलेज बंद पडेल. मला वाटलं, कुणाचंच नाव येणार नाही. दोन गावांचा घोळ, एवढंच लोक म्हणतील."

"नाव येत होतं," बाई म्हणाल्या. "राहीचं. कपाटाची चावी तिच्याकडे होती, हे तुम्हीच मला सांगितलंत. काल संध्याकाळी तुम्ही समोरच बसला होता. ऐकलंत आणि रडत राहिलात."

तेव्हा त्यांनी मागे वळून राहीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. पालशेतकरांनीच घातली.

६

पोलीस त्यांना घेऊन गेले. जिल्ह्याचे सदस्य बराच वेळ करारातलं कलम वाचत बसले, पण विद्यार्थ्याचा दोष त्यात बसेना. दोन्ही वाटे कायम राहिले. फक्त नवं सत्र सुरू व्हायच्या आत गोठा पुन्हा भरला पाहिजे, अशी अट घातली गेली.

अट घालणं सोपं. गाई देणार कोण? दिलेल्या गाई आम्ही मारल्या, गावांच्या लेखी तेच खरं. दुपारच्या फेरीनं दिघीकडची माणसं येणार असा निरोप आला, तेव्हा अधिष्ठात्यांनी मला पुढे केलं आणि स्वतः दोन पावलं मागे उभे राहिले. राही न बोलावता आली. जयमालाबाईंनी तिला सांगून पाहिलं होतं, तुझा दोष नाही म्हणून. तिनं ऐकून घेतलं होतं, एवढंच.

फेरीबोटीतून माणसं उतरली. पुढे केसरबाई होत्या. त्यांची कपिला गाय मेलेल्यांत होती. त्यांच्या मागे एक काळी गाय, पोटानं जड, पाण्याकडे बघून बिचकत होती.

"माझ्या गाईला पानी कुनी पाजलं?" केसरबाईंनी विचारलं.

"ते सगळं डॉक्टर पालशेतकरांनी..." अधिष्ठाता मागून म्हणाले.

"त्यांनी सांगितलं, ते आयकलं मी. पाजलं कुनी?"

"मी," राही म्हणाली.

मला वाटलं, ही बाई आता पोरीच्या थोबाडीत देणार. मी मधे जायला पाऊलही उचललं.

"तडफडली का लई?"

राहीला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "पहाटे मी गेले तेव्हा ती जिवंत होती. मी तिचं डोकं धरून बसले होते. मला काही येत नव्हतं."

केसरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं आणि ते लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

"ही गाभन हाय," त्या काळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "विताना हिला सोडवायचं तू. शीक, इचार, काय करायचं ते कर. दुसऱ्या कुनी हात लावलेला मला चालनार न्हाय."

राहीनं दावं घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "मावशी, माझे हात थरथरतायत. माझ्यानं नाही व्हायचं."

"व्हय, दिसतंय मला," केसरबाई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात धरला, मनगटाला दाव्याचे दोन वेढे दिले, गाठ ओढून पाहिली, आणि मागे न बघता फेरीकडे चालू लागल्या.